चौथ्या दगडाचं आवतन

लाइट गेली तेव्हा डिंपलच्या लग्नातल्या फोटोंवरून बोलणं चाललं होतं. चंद्रपूरचा मे महिना. कूलर थांबला की घरात जीव राहत नाही, म्हणून सगळी गच्चीवर आली. सतरंजी पडली, माठातल्या पाण्याचा तांब्या आला आणि अर्धा राहिलेला वाद पुन्हा सुरू झाला.

डिंपलचं म्हणणं, नागपूरचा फोटोवाला बोलवायचा. तो कोणाला रांगेत उभं करत नाही, हसा म्हणत नाही. आपण आपल्या नादात असताना फोटो काढतो.

"असे तं मीबी काढतो मोबाइलवर," तिचा भाऊ भूपेश म्हणाला. "कोनी जेवून राह्यला, कोनी नाक पुसून राह्यला. त्याच्यासाठी नागपूरचा मानूस कायले पायजे?"

"तुले नाई समजत ते."

मनसारामभाऊ कठड्याला टेकून बसले होते. या दोघांचे मोठेबाबा, म्हणजे थोरले काका. चंद्रपूरच्या एका दैनिकाची डार्करूम त्यांनी सव्वीस वर्षं सांभाळली. औषधानं तांबूस झालेली नखं अजून तशीच आहेत. ते म्हणाले, "हे काई नवीन नाई. आमच्या पेपरात सुरेंद्र होता. नोकरी सोडली आन् लग्नाचे फोटो काढाले लागला, पन बातमीचे काढाचा तसेच. कोनाले काई सांगे नाई. लोकं त्याले मुका फोटोवाला म्हनत."

"मंग त्यालेच बोलवा ना, मोठेबाबा."

"आता तो तसे नाई काढत. आता तो सगळ्याइले सांगते, इकडे पाहा." मनसारामभाऊ म्हणाले. "एका लग्नापासून."

इंदिराबाई, त्यांची बायको, हे ऐकून उठल्या. "सांगाचंच असंल तं थांबा जरासं." त्यांचा शुक्रवारचा उपास होता, खाली जाऊन त्या देवापुढचं निरांजन घेऊन आल्या आणि वाऱ्यानं विझू नये म्हणून कठड्याच्या आडोशाला ठेवलं. "गेलेल्या बाईचं नाव अंधारात घेऊ नाई. दिवा असला का नाव घेनं नमस्कारावानी होते."

मग मनसारामभाऊंनी सांगितलं. बरंचसं सुरेंद्रनं त्यांना सांगितलेलं. शेवटचं मात्र त्यांनी स्वतः पाहिलेलं.

दोन हजार तीन साल. नऊ मे, शुक्रवार, वैशाख शुद्ध अष्टमी.

सुरेंद्र दुपारी मोटरसायकलवर चंद्रपूरहून निघाला. मूल, गडचिरोली करत चारच्या सुमारास आरमोरीला पोचला. तिथं चहाच्या टपरीवर अजय उभा होता. अजय शाळामास्तर. त्याच्या चुलत बहिणीचं, दिव्यानीचं, दुसऱ्या दिवशी लग्न होतं आणि त्या रात्री हळद. कुरखेड्याच्या एका मित्राच्या लग्नात त्यानं सुरेंद्रचे फोटो पाहिले होते. नवरीचा बाप मांडवाच्या खांबाआड तोंड फिरवून उभा आहे, असा एक फोटो. तो पाहून अजयनं ठरवलं होतं की बोलवायचं तर यालाच.

"आमच्याकडे लोकं साधे हायेत जी," चहा संपवताना अजय म्हणाला. "तुमी बोलत नाई म्हनून आजी काई म्हनंल. मनावर घेऊ नका."

"मनावर काही येत नाही माझ्या," सुरेंद्र म्हणाला.

हे त्यानं सरळ सांगितलं होतं, विनयानं नव्हे. पेपरात असताना त्यानं अपघात काढले, जळालेली घरं काढली, पुरातून निघालेली माणसं काढली. कधीतरी आत काहीतरी बधिर झालं. जेवणाला चव नाही, झोपेला स्वप्न नाही. बापाला सरणावर ठेवलं तेव्हा त्याच्या मनात आलं ते एवढंच, की उजेड मागून येतो आहे, चेहरा काळा येईल. त्या रात्री तो स्वतःलाच भ्यायला आणि काही महिन्यांत नोकरी सोडून लग्नांकडे वळला. वाटलं, हळदीकुंकवाच्या घरांत फिरून हात तरी ऊन होतील. झाले नाहीत. फोटो मात्र चांगले येत.

गाव वैनगंगेच्या काठाला. नाव मनसारामभाऊ सांगत नाहीत. त्या घरच्या लेकी अजून नांदतात. मासेमारी करणारी, थोडं धान पिकवणारी घरं. नवरीचा बाप मुखरू, उंच, वाळका, कमी बोलणारा. त्यानं सुरेंद्रला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, म्हणाला, "आपलंच घर समजा जी," आणि कामाला निघून गेला.

सुरेंद्रनं तांब्या खाली ठेवला आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

भिंतीवर एका बाईचा फोटो होता. झेंडूचा हार, कपाळाला ठसठशीत कुंकू. आरमोरीच्या स्टुडिओत रंगवून घेतलेला. गाल गुलाबी, लुगडं हिरवं. पण चेहरा जरासा एका बाजूला कललेला होता, कोणी उभं राहून फोटो काढताना कलत नाही तसा. आणि डोळे... डोळे फोटोतले नव्हते. डोळे रंगवलेले होते. मिटलेल्या पापण्यांवर ब्रशनं उघडे डोळे काढून दिले होते.

तो फोटो त्यानंच काढलेला होता.

"आई हाय माही," आतून दिव्यानी आली, एकोणीस वर्षांची, हातावर ओली मेंदी. "शकुबाई. एकच फोटो हाय तिचा. दादा, हळदीचे तुमाले पायजे तसे काढा. पन उद्या एक माह्या मनासारखा काढसान? मी आन् आई. सरळ उभं राहून. तुमी म्हनाचं, इकडे पाहा."

"मी तसं म्हणत नाही," सुरेंद्र म्हणाला.

"एकडाव म्हना." ती हसली. "आईले आवतन गेलं आज. आजी आन् पाच बायका गेल्या होत्या नदीवर. ती येईन ना? आली तं तिचाबी फोटो पायजे."

ती आत गेली. सुरेंद्र भिंतीकडे पाहत राहिला. त्याला काही वाटलं नाही. फक्त तळहात गार पडले.

एकोणीसशे शहाण्णवच्या श्रावणात रोवणीला, धानाची रोपं लावायला, निघालेल्या बायकांचा डोंगा नदीत उलटला होता. वेगवेगळ्या गावच्या बायका. मुखरू आणि गावातले गडी तीन दिवस खाली खाली शोधत गेले, आणि पाच बायका सापडल्या त्या गावापासून पाऊण कोसावर, नदीच्या वळणावर. तीन दिवसांचं पाणी. ठेवण्यासारखं काही नव्हतं. पोलिसांनी तिथंच पुरायचं ठरवलं आणि ओळखीसाठी आधी फोटो काढून घ्यायला पेपरच्या माणसाला, म्हणजे सुरेंद्रला, सांगितलं.

त्यानं वहीचे कागद फाडून आकडे लिहिले, एक ते पाच. रांगेत प्रत्येकीच्या छातीवर एक चिठ्ठी. वारा आला. चौथी आणि पाचवी चिठ्ठी उडाली. त्यानं धावत जाऊन उचलल्या, परत ठेवल्या आणि एकेकीचा फोटो काढला.

पुरताना पोलिसांनी रांगेचा क्रम धरला. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. दगडांवर डांबरानं आकडे घातले.

चौथ्या दिवशी मुखरू परत आला. पोलिसांनी त्याला फोटो दाखवले; सुरेंद्र तेव्हा चंद्रपूरला परतला होता. चौथ्या फोटोवर त्यानं बोट ठेवलं. त्याला चौथा दगड दाखवला. पाचव्या फोटोतल्या बाईला कोणी ओळखलं नाही.

सुरेंद्रला कळलं ते दोन दिवसांनी, डार्करूममध्ये. वाऱ्याच्या आधी त्यानं सगळ्या रांगेचा एक फोटो काढला होता. त्यात चौथ्या फोटोतली बाई पाचव्या जागेवर होती. परत ठेवताना चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. शकुबाई पाचव्या दगडाखाली होती. मुखरू जिथं डोकं टेकत होता तिथं दुसरीच कोणी होती.

तेव्हा सांगता आलं असतं. उद्या सांगू म्हणता दहावा झाला. दहाव्यानंतर काय सांगायचं. ती निगेटिव्ह त्यानं रिळाच्या रिकाम्या डबीत घातली. डबी कॅमेऱ्याच्या बॅगेत राहिली. बॅगा बदलल्या, डबी तीच राहिली.

पहिल्या तिघींना त्यांच्या त्यांच्या गावांनी नंतर नेलं. वळणावर दोनच दगड उरले. चौथ्याला दरवर्षी पितृपक्षात ताट येई. पाचव्याला काही नाही.

आणि आज, गेलेल्या आईला आवतन देताना, घरच्या लेकीची पहिली हळद...

"मोठेबाबा," डिंपल हळूच म्हणाली, "तेबी चौथ्यालेच?"

"चौथ्यालेच," मनसारामभाऊ म्हणाले.

रात्री आठ वाजता हळद सुरू झाली. मांडवात ट्यूबलाइटी, डफडं, बायकांची गाणी. सुरेंद्र कामाला लागला. काम करताना त्याला बरं असे. विचार हातात असत. मुखरूची आई, सोमारीआजी, पाटाजवळ बसून सगळ्यांवर लक्ष ठेवत होती.

"हा कसा फोटोवाला व?" ती मोठ्यानं म्हणाली. "हास म्हनत नाई, पाय म्हनत नाई. चोरावानी मागून काढते. माहं तोंड उघडं होतं तवाच काढला त्यानं."

"तुहं तोंड बंद कवा रायते, आजी?" एकजण म्हणाली, आणि मांडव हसला.

शेजारणीचा गंज परत घेऊन एक नात निघाली होती. आजीनं तिला अडवलं. "रिकामा देऊन राह्यली का? कोनाचं भांडं रिकामं धाडू नाई, बाई. दोन दाने तरी टाक त्यात." नातीनं मूठभर तांदूळ टाकले. सुरेंद्रनं तोही फोटो काढला. हात, तांदूळ, गंज.

साडेअकरा वाजता दिव्यानीला शेवटची हळद लावायला बायकांचा घोळका झाला. सुरेंद्र एका बाजेवर चढला आणि त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला.

बातमीच्या माणसाला गर्दी वाचता येते. गर्दी कधी दाटते, कधी पांगते, कोणी यायच्या आधी ती कशी दुभंगते, हे त्याला बरोबर कळतं. कॅमेऱ्यातून त्यानं पाहिलं, घोळक्याच्या मागच्या बायका बाजूला सरकल्या. मग मधल्या. एकीनं पदर आवरून घेतला, कोणाचा पाय पडू नये म्हणून. एकीनं कडेवरचं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं. वाट झाली, एका माणसाच्या रुंदीची, थेट पाटापर्यंत.

वाटेवरून कोणी आलं नाही.

त्याच्या बोटानं बटण दाबलं. सवयीनं.

सोमारीआजी म्हणाली, "या बाई, बसा," आणि जरा सरकली. मग आपल्याच सरकण्याकडे पाहत राहिली. बायका गात होत्या. कोणाच्या काही ध्यानात आलं नव्हतं. दिव्यानीच्या शेजारी हातभर जागा तशीच मोकळी राहिली. तेवढ्या गर्दीत.

त्यानं पुन्हा बटण दाबलं. कॅमेरा अडला. छत्तीस झाले होते.

रीळ बदलायला तो घरामागं गेला. डफड्याचा आवाज भिंतीपलीकडे राहिला. मोहाच्या झाडाखाली वाळका पाला पडला होता, घोट्याइतका. त्याच्या पायाखाली तो चुरचुरत होता. चंद्र अर्धा, पश्चिमेला उतरलेला. घड्याळात बाराला वीस मिनिटं कमी होती. तो दगडावर बसला, कॅमेऱ्याची पाठ उघडली आणि नवं रीळ काढलं.

मागून कोणी तरी विचारलं, "बाबू, आवतन याच घरचं का?"

त्यानं मागं पाहिलं नाही. रीळ बसवताना नजर हातावर लागते. "हो. दिव्यानीचं लग्न."

"दिव्यानी," बाई म्हणाली. नाव तोंडात घोळवून पाहावं तशी. बोली इकडची नव्हती. सिरोंच्याकडच्या बायका बोलतात तशी, तेलुगू वळणाची.

"तुम्ही कुठल्या?"

"लांबची. रोवणीला आली होती."

वैशाखात रोवणी नसते.

सुरेंद्रचा हात थांबला. फिल्मचं टोक खाचेत अडकलं होतं. पुढं जात नव्हतं, मागं येत नव्हतं.

"दर साली ताट येते माझ्या दारी," बाई म्हणाली. "नाव दुसरीचं घेतात. मी जेवते... भूक राहते ना, बाबू."

त्यानं ते टोक नखानं ढकलून पाहिलं.

"ती माझ्या बाजूलाच आहे. तिला कोणी हाक मारत नाही. ती काही म्हणत नाही मला. पण आज हळद आली. पोरीची हळद. ती मी कशी लावून घेऊ..."

डफडं थांबलं होतं. केव्हा थांबलं ते त्याला कळलं नाही.

"मी..." तो म्हणाला.

"चिठ्ठी तूच ठेवली होती. मला ठाऊक आहे." आवाजात राग नव्हता. "हात लय थंड होते तुझे."

फिल्मचं टोक सुटलं. कॅमेऱ्याची पाठ बंद झाली. टक्.

तो वळला.

पाला तसाच पडला होता. घोट्याइतका, वाळका. तो स्वतः आला त्याचा माग दिसत होता. दुसरा कोणाचा नव्हता. आणि एवढ्या वेळात तो पाला एकदाही वाजला नव्हता, हे त्याला तेव्हा आठवलं.

मुखरू चुलाणाजवळ बसला होता, उद्याच्या जेवणाची लाकडं सारखी करत. सुरेंद्रला पाहून म्हणाला, "जेवले का जी?"

"मुखरूभाऊ," सुरेंद्र म्हणाला. "ऐका."

चार वाक्यं लागली. सात वर्षांत तोंडाशी आली नव्हती ती चार वाक्यं.

मुखरूनं हातातलं लाकूड खाली ठेवलं. सुरेंद्रनं बॅगेतून डबी काढली, निगेटिव्ह काढली, त्याच्या हातात दिली. मुखरूनं ती ट्यूबलाइटसमोर धरली. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. नखाएवढ्या पाच बायका. तो बराच वेळ पाहत होता. मग त्याचं बोट पाचवीच्या पायाशी गेलं. तिथं एक काळा ठिपका होता, म्हणजे खरं तर पांढरा.

"पट्टी," मुखरू म्हणाला. "पाय कापला होता तिचा. सकाळी मीच बांधली. माह्या धोतराची फाडून."

लाकूड फुटल्याचा आवाज झाला.

"म्हंजे सात वर्सं आमी..."

"हो."

सुरेंद्र मारासाठी उभा होता. शिवीसाठी उभा होता. काहीच आलं नाही. मुखरू निगेटिव्ह धरून बसून राहिला, जाळ्यात काय आलं ते न कळलेल्या माणसासारखा.

सोमारीआजी मागं कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. सगळं ऐकलं होतं तिनं. ती म्हणाली, "कोनी तरी जेवली ना? उपाशी तं नाई राह्यली ते बिचारी. लेकरू कोनाचं तरी असंल तेबी." मग मुखरूच्या खांद्यावर हात ठेवला. "ऊठ. माही सून वाट पाहून राह्यली असंल."

हळद लागलेल्या नवरीनं मांडवाबाहेर पाऊल टाकू नये. दिव्यानी खांबाला धरून उभी राहिली. तिनं आपल्या हातानं नव्या द्रोणात हळद आणि अक्षता भरल्या. रडली नाही. "आईले सांगा, मी इथीच हावो," एवढंच म्हणाली.

तिघं निघाली. मुखरू पुढं बॅटरी घेऊन, मध्ये आजी, मागं सुरेंद्र, बॅग खांद्यावर. नदीकाठची वाट. एक वाजून दहा मिनिटं. चंद्र झाडांच्या शेंड्यांवर टेकला होता.

वळण आलं. बॅटरीचा उजेड आधी चौथ्या दगडावर पडला.

दगड स्वच्छ होता. कोरडा. आजीनं संध्याकाळी आपल्या हातानं तिथं हळद माखली होती, द्रोण ठेवला होता. हळद नव्हती. अक्षता नव्हत्या. द्रोण नव्हता.

मुखरूनं उजेड सरकवला.

पाचव्या दगडावर हळद होती.

पाच बोटं. वरून खाली. ओली. दगडाच्या पायाशी अक्षता, एक एक वेचून ठेवल्यासारख्या.

आजीनं आपला हात पाहिला. मग दगडावरची बोटं पाहिली. तिची बोटं आखूड होती. दगडावरची लांब होती.



मग मुखरू खाली बसला. दगडावर तळवा ठेवला. "शकू," तो म्हणाला. "हळद हाय पोरीची."

सुरेंद्रनं कॅमेरा उचलला. सवय. डोळ्याला लावला तर समोर सगळं पुसट. त्याला वाटलं, काचेवर बाफ धरली. त्यानं रुमालानं काच पुसली. पुन्हा लावला. पुन्हा पुसट. काच स्वच्छ होती. तेव्हा त्याला कळलं आणि त्यानं कॅमेरा खाली घेतला.

आजी दिव्यानीच्या द्रोणातली हळद दोन्ही दगडांना लावत होती. आधी पाचव्याला. मग चौथ्याला, त्या लांबच्या बाईला. "तुलेबी आवतन, बाई," ती चौथ्या दगडाला म्हणत होती. "आता तुह्याच नावानं. नाव ठाऊक नाई, पन तुह्याच."

मनसारामभाऊ थांबले. निरांजनाची वात इंदिराबाईंनी काडीनं पुढं सारली.

"मंग दुसऱ्या दिवशीचा फोटो?" डिंपलनं विचारलं. "दिव्यानीचा?"

"काढला. दिव्यानी मधात, आईचा फोटो हातात, बाजूले बाप, आजी, सारं गाव. सुरेंद्र समोर उभा राह्यला आन् म्हनला, इकडे पाहा. पैल्यांदा म्हनला तो जिंदगीत. सगळ्याइनं पाह्यलं. तवापासून तो सगळ्याइले म्हनते. म्हने, मनसारामभाऊ, मानूस आपल्याकडे पायते तवा त्याले ओळखता येते. न सांगता काढले तं मले फक्त उजेड दिसे."

"आन् तो द्रोण?" भूपेश म्हणाला. "संध्याकाळचा. तो कुठी गेला?"

मनसारामभाऊ तांब्या उचलून पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवला.

"सोमवारी सुरेंद्र रिळं घेऊन माह्याकडे आला, धुवाले. तो वाटेचा फोटो मीच धुतला. बायका सरकल्या हायेत, मधात कोनी नाई, तसाच हाय तो. मंग त्यानं बॅग उघडली, बाकीची रिळं काढाले. टेबलावर. माह्यासमोर. त्या बॅगेले त्यानं रस्ताभर कोनाले हात लावू देल्ला नव्हता."

...

"तळाशी द्रोण होता. मोहाच्या पानाचा. वाळला नव्हता, दबला नव्हता. हळदीचा वास येऊन राह्यला होता."

"रिकामा?" डिंपल म्हणाली.

"नाई."

वारा पडला होता. खालच्या रस्त्यावरूनही काही येत-जात नव्हतं.

"त्यात एक चिठ्ठी होती. वहीच्या कागदाची. कोरडी, कडक, कालच फाडल्यावानी. त्याच्यावर पाचाचा आकडा. सुरेंद्र पाच लिहाचा तं शेपटी लांब ओढाचा, तो पेपरात होता तवर मी त्याच्या कॅप्शना वाचल्या, मले दुसऱ्याचं अक्षर समजलं नसतं का..." मनसारामभाऊ निरांजनाकडे पाहत होते. "ते चिठ्ठी त्यानं चौथ्या जाग्यावरच्या बाईच्या छातीवर ठेवली होती. ते तिच्यासंगच पुरली होती."